हवामान निधीची शेवटची पायरी : दुर्गाघाट आणि लहान अनुदानांचा प्रश्न

वाराणसी : राजघाट येथे गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. २०१३, २०१६, २०२१ आणि २०२५ या वर्षांत नदीने ही दुसरी रेषा ओलांडली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वच्या सर्व ८४ घाट पाण्याखाली गेले, आरती छतांवर हलवावी लागली, मणिकर्णिकेवर अंत्यसंस्कार वरच्या गच्चीवर आणि हरिश्चंद्र घाटाचे अंत्यसंस्कार गल्लीत करावे लागले. या दृश्यांची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध होतात. पाणी ओसरले की बातमी संपते आणि घाटाचे खरे काम सुरू होते.

पंचगंगा आणि ब्रह्माघाट यांच्या मध्ये वसलेल्या दुर्गाघाटावर हे काम म्हणजे गाळ. पूर उतरताना पायऱ्यांवर मातीचा जाड थर सोडून जातो. तो ओला असताना हटवला तर पंप आणि फावडे पुरते. वाळला तर खणावा लागतो. कार्तिकी पौर्णिमेच्या देवदीपावलीपूर्वी घाट मोकळा व्हायला हवा, कारण त्यानंतरच यात्रेकरू, नावाडी, फुलवाले आणि पुरोहित यांचे वर्ष सुरू होते. महापालिकेची यंत्रणा साहजिकच आधी दशाश्वमेध, अस्सी यांसारख्या गर्दीच्या घाटांकडे वळते. मधल्या, अरुंद आणि गल्लीतूनच पोहोचता येणाऱ्या घाटांची पाळी नंतर येते. पंप बहुतेक वेळा हा गाळ पुन्हा नदीतच ढकलतात, हा त्यातला आणखी एक विरोधाभास.

गाळ वेळेत काढणे, पायऱ्यांखालची पोकळी शोधून बुजवणे, जुन्या वाड्यांतील विहिरी उपसून वापरात आणणे, उन्हाळ्यात गच्च्यांवर चुन्याचा पांढरा लेप देणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची पुरात आणि उष्म्यात विचारपूस करणारी यादी ठेवणे. हवामान बदलाशी जुळवून घेणे म्हणजे काय, याचे दुर्गाघाटापुरते उत्तर एवढ्याच कामांत सामावते. यातले एकही काम कोट्यवधींचे नाही. अडचण नेमकी तेथेच आहे. हवामानासाठी उभा राहणारा पैसा ज्या आकारात वाहतो, त्या आकारात या कामांना जागाच नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत विकसित देशांनी विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे उद्दिष्ट मान्य केले. रक्कम अपुरी असल्याचे सांगत भारताने त्याच सभागृहात हरकत नोंदवली. ती हरकत रास्त होती. मात्र रक्कम किती, या वादात ती कोणापर्यंत पोहोचते, हा प्रश्न दरवेळी मागे पडतो. लंडनस्थित पर्यावरण व विकासविषयक संस्था ‘आयआयईडी’ने २००३ ते २०१६ या काळातील आंतरराष्ट्रीय हवामान निधींचा हिशेब मांडला, तेव्हा स्थानिक पातळीवरील कामांसाठी राखलेला वाटा १० टक्क्यांहूनही कमी निघाला. जानेवारी २०२१ मध्ये स्थानिकांच्या नेतृत्वाखालील अनुकूलनाची आठ तत्त्वे जाहीर झाली. निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर व्हावेत, निधी दीर्घ मुदतीचा, अंदाज बांधता येईल असा आणि सहज मिळणारा असावा, असे ती सांगतात. अनेक सरकारांनी आणि संस्थांनी त्यांना संमती दिली. दुसरीकडे, हानी व नुकसान भरपाईसाठीच्या नव्या जागतिक निधीने पहिल्या टप्प्यात २५ कोटी डॉलर देऊ केले, तेही प्रत्येकी ५० लाख ते २ कोटी डॉलरच्या प्रकल्पांसाठी. समुदायांना लहान अनुदाने देण्याची तरतूद या निधीच्या मूळ दस्तऐवजात आहे. तिची अंमलबजावणी पहिल्या टप्प्यात झालेली नाही.

देशांतर्गत चित्र फार वेगळे नाही. केंद्राने २०१५ मध्ये राष्ट्रीय हवामान बदल अनुकूलन निधी सुरू केला आणि अंमलबजावणीची जबाबदारी ‘नाबार्ड’कडे सोपवली. २७ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मिळून ३० प्रकल्प मंजूर झाले, एकूण खर्च सुमारे ८४७ कोटी रुपये. म्हणजे एका प्रकल्पामागे सरासरी २८ कोटी. महाराष्ट्रात नंदुरबार आणि बुलढाणा जिल्ह्यांतील ५१ गावांसाठीचा जलव्यवस्थापन प्रकल्प याच निधीतला. हे प्रकल्प राज्य सरकारांच्या विभागांमार्फत गेले. गावसमिती, घाटसमिती किंवा बचत गटाने थेट अर्ज करावा, अशी त्यांची रचना नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये या निधीचा योजनेचा दर्जाही काढून घेण्यात आला. त्यानंतर अनुकूलनासाठी स्वतंत्र अशी केंद्रीय खिडकी फारशी उरलेली नाही.

लहान अनुदानांची एक जुनी खिडकी मात्र आहे. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत तो चालवला जातो. एका कामासाठी कमाल मर्यादा दीर्घकाळ ५० हजार डॉलर, म्हणजे आजच्या दराने चाळीस-पंचेचाळीस लाख रुपये राहिली. तेवढाच वाटा स्थानिकांनी किंवा अन्य स्रोतांनी रोख अथवा श्रमाच्या रूपाने द्यावा, अशी अपेक्षा असते. भारतात तो १९९६ पासून आहे. २००० पासून अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राने त्याची धुरा वाहिली. अलीकडच्या टप्प्यात ती ‘टेरी’कडे आली आणि मध्य भारताचा निमकोरडा पट्टा, किनारपट्टी व ईशान्य भारत यांवर भर देण्यात आला. त्यामागे तर्क आहे. पण गंगेच्या मैदानातील दाट वस्तीचे जुने शहर, जेथे पूर आणि उष्मा दोन्ही एकाच घरात शिरतात, ते या नकाशाच्या कडेला राहते.

या पार्श्वभूमीवर एक अर्ज कल्पून पाहणे उपयोगी ठरेल. समजा, दुर्गाघाटावरील रहिवासी, नावाडी आणि दुकानदार यांनी एकत्र येऊन पुरानंतरचा गाळ स्वतः काढायचा, तो नदीत न सोडता बाहेर न्यायचा आणि चार विहिरी उपसायच्या, असे ठरवले. पहिली पायरी नोंदणीची. संस्था नोंदणी कायद्याखाली उत्तर प्रदेशात नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मग पॅन, बँक खाते, ‘एनजीओ दर्पण’ क्रमांक, लेखापरीक्षित ताळेबंद. सरकारी अनुदान असेल तर खर्चानंतर उपयोगिता प्रमाणपत्र, आणि ते दिल्याखेरीज पुढचा हप्ता नाही. गाळाचे काम तर ऑक्टोबरच्या तीन आठवड्यांत संपवायचे असते. हप्त्याचे वेळापत्रक नदीचे ऐकत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे वळावे, तर तेथे वेगळा उंबरठा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पर्यावरण संवर्धनावर खर्च करता येतो. पण १ एप्रिल २०२१ पासून निधी घेणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-१’ ही नोंदणी सक्तीची झाली. तिच्यासाठी आयकर कायद्यातील १२ए आणि ८०जी या दोन्ही मान्यता लागतात, आणि अशा कामांचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. नव्याने एकत्र आलेल्या घाटसमितीकडे तो कोठून असणार? गंगेसाठी कंपन्या देणगी देऊ शकतात, पण त्याचा सोपा मार्ग म्हणजे २०१४ मध्ये मंजूर झालेला स्वच्छ गंगा निधी. पैसा दिल्लीकडे जातो; तेथून तो कोणत्या घाटावर उतरेल, हे घाट ठरवत नाही.

तिसरा मार्ग परकीय देणगीचा. तो सप्टेंबर २०२० मध्ये सर्वांत अरुंद झाला. परकीय योगदान (नियमन) कायद्यातील दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली परकीय रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास पूर्ण मनाई केली, मग ती दुसरी संस्था नोंदणीकृत का असेना. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. पैशाचा गैरवापर आणि त्याचा माग न लागणे, ही त्यामागची सरकारची भूमिका होती आणि काही प्रकरणांत ती निराधार म्हणता येणार नाही. परंतु लहान अनुदाने जगभर चालतात ती याच साखळीवर. एक मोठी, हिशेबात मुरलेली संस्था निधी घेते आणि शंभर लहान गटांना वाटते; फॉर्म ती भरते, काम ते करतात. ही साखळी तुटल्यावर मोठी संस्था स्वतःच खाली उतरून काम करू लागते किंवा काम सोडून देते. संयुक्त राष्ट्रे आणि केंद्राने नमूद केलेल्या त्यांच्या संस्था कायद्याच्या व्याख्येत परकीय स्रोत ठरत नाहीत. त्यामुळे लघु अनुदान कार्यक्रमासारख्या मोजक्या वाटा मोकळ्या राहिल्या. त्यांचे महत्त्व आज आकारापेक्षा कितीतरी मोठे झाले आहे, ते या कारणाने.

हे सगळे वाचून असा समज होईल की दुर्गाघाटाला सामुदायिक निधी ही गोष्ट नवी आहे. वस्तुस्थिती उलट आहे. हा घाट मुळात मराठी आश्रयातून उभा राहिला. पेशव्यांचे गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास येथे पक्का घाट बांधला आणि त्याभोवती दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबे वसली. घाटाला नाव देणारे ब्रह्मचारिणी दुर्गेचे मंदिर आजही नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी दर्शनार्थींनी गजबजते. मराठेशाहीत काशीतील विद्वानांना, अन्नछत्रांना आणि देवस्थानांना दरसाल ठराविक रक्कम पोहोचत असे. तिला वर्षासन म्हणत. रक्कम लहान असे, परंतु ती दर वर्षी येई, आणि याच एका गुणावर पाठशाळा आणि अन्नछत्रे पिढ्यान्‌पिढ्या चालली. आश्रयाचा तो काळ संपला. वाड्यांतील अनेक कुटुंबे पुढे नोकरीनिमित्त पांगली. उरलेल्यांनी वर्गणीवर गणेशोत्सव शतकाहून अधिक काळ चालवला.

शेजारच्या पंचगंगा घाटाचा दाखला आणखी बोलका आहे. तेथील सहस्र दिव्यांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास स्थानिक मंडळींनी कार्तिकी पौर्णिमेला तेथे आणि आजूबाजूच्या मोजक्या घाटांवर पणत्या लावायला सुरुवात केली. तेल, वाती, पणत्या वर्गणीतून. घाटागणिक समित्या झाल्या, प्रत्येकीने आपल्या पायऱ्यांची जबाबदारी घेतली, आणि काही दशकांत देवदीपावली हा शहराचा सर्वांत मोठा पर्यटन महोत्सव बनला. सरकारी यंत्रणा मागाहून आली. ज्या समित्या लाखो पणत्यांचे तेल मोजून वाटू शकतात, त्यांना गाळाच्या पंपाचा हिशेब ठेवता येणार नाही, हे मान्य करणे कठीण आहे.

मोठ्या निधीने काशीत काहीच केले नाही, असेही नाही. १४ जून १९८६ रोजी याच शहरातून गंगा कृती योजनेचा प्रारंभ झाला. तिच्या पंपगृहांची वीज गेली की सांडपाणी थेट नदीत जाई, ही टीका त्या काळापासूनची. २०१४ नंतर नमामि गंगे कार्यक्रमात २० हजार कोटींची तरतूद झाली. दीनापूरचा १४० दशलक्ष लिटर, गोइठ्याचा १२० दशलक्ष लिटर आणि रमणाचा ५० दशलक्ष लिटर क्षमतेचा सांडपाणी प्रकल्प उभा राहिला. हे काम कोणतीही घाटसमिती करू शकत नाही आणि करूही नये. लहान अनुदानांची वकिली करताना राज्यसंस्थेची जबाबदारी लोकांच्या श्रमदानावर ढकलली जाण्याचा धोका असतो. तो टाळायलाच हवा.

तरीही मोठा निधी स्थानिक ज्ञानाशी कसा वागतो, याची काशीत दोन उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. संकटमोचन मंदिराचे महंत आणि जल-अभियांत्रिकीचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये प्रतिष्ठान स्थापून तुळशी घाटावर पाण्याची नियमित तपासणी सुरू केली. घाटांलगत गुरुत्वाकर्षणावर चालणारी गटारवाहिनी आणि शहराबाहेर तलावांत शुद्धीकरण, अशी विजेवर कमी अवलंबून असलेली योजना त्यांनी मांडली. वीजकपात आणि पूर या दोन्हींचा विचार तिच्यात होता. आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाले. योजना मात्र दशकानुदशके कार्यालयांत फिरत राहिली. मिश्र यांचे २०१३ मध्ये निधन झाले. दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. २०२१ मध्ये पैलतीरावरील वाळूत सुमारे ५ किलोमीटर लांबीचा कालवा जवळपास १२ कोटी रुपये खर्चून खोदण्यात आला. घाटांवरील पाण्याचा दाब कमी करणे, हा हेतू प्रशासनाने सांगितला. नदीतज्ज्ञांनी आक्षेप घेतले होते. त्याच वर्षीच्या पुरात कालवा गंगेत गडप झाला.

नावांचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. डिझेलवर चालणाऱ्या शेकडो नावांना ‘गेल’च्या सामाजिक दायित्व निधीतून सीएनजी इंजिने बसवण्यात आली आणि खिडकिया घाटावर, ज्याला आता नमो घाट म्हणतात, गॅस भरण्याचे केंद्र झाले. धूर आणि आवाज कमी झाला, इंधनखर्चात बचत झाली; मोठ्या निधीचे हे चांगले काम म्हणावे लागेल. पण त्याचा आराखडा नावाड्यांनी केलेला नव्हता. पूर आला की सुरक्षिततेसाठी सर्व नौकानयन बंद होते आणि मल्लाह कुटुंबांचे उत्पन्न कित्येक आठवडे थांबते. इंजिन कोणतेही असो, हा प्रश्न तसाच राहतो. त्यांना विचारले असते, तर यादीत सर्वांत वर कदाचित तोच आला असता.

महाराष्ट्राकडे या बाबतीत दाखवण्यासारखे काही आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्विस धर्मगुरू हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने, जर्मन साहाय्य आणि ‘नाबार्ड’च्या साथीने राज्यात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातील म्हसवंडी, दरेवाडी यांसारख्या गावांनी त्यातून कात टाकली. त्याची खुबी रकमेत नव्हती. गावाला आधी लहान तुकड्यावर काम करून दाखवावे लागे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावानेच ठरवायची आणि पाळायची. ग्रामसभेने निवडलेली समिती पैसा हाताळे आणि गावाचा वाटा श्रमदानातून येई. मोठा निधी नंतर मिळे, विश्वास आधी तपासला जाई. देखभालीसाठी गावाच्या वाट्यातून स्वतंत्र निधी बाजूला पडे. बांध घातला आणि फलक लावून निघून गेले, असे त्यामुळे होत नसे.

दुसरा दाखला कोकणातला. २०१७ मध्ये वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मच्छीमार कुटुंबांतील स्त्रियांच्या स्वामिनी बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली. वल्ह्याच्या होडीतून पर्यटकांना खारफुटी दाखवायची आणि त्या उत्पन्नावर गट चालवायचा. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाची साथ होती. त्याच वर्षी राज्य सरकारने कांदळवन संवर्धन आणि उपजीविका निर्माण योजना आणली. सामूहिक प्रकल्पाला ९० टक्के, वैयक्तिक प्रकल्पाला ७५ टक्के अनुदान, उरलेला वाटा लाभार्थ्याचा; खेकडापालन, कालवे, पिंजऱ्यातील मत्स्यपालन, पर्यटन असे पर्याय; आणि गावपातळीवर सह-व्यवस्थापन समिती. कांदळवन राखले तर अनुदान, असा तो सरळ व्यवहार आहे. येथे निधी राज्याचा, छाननी कांदळवन प्रतिष्ठानाची आणि निवड गावाची. एफसीआरएचा प्रश्न नाही, ‘सीएसआर-१’चा नाही, गटाला लागणारी कागदपत्रे बचत गटाकडे मुळातच असतात.

कोकणातील खाडी आणि काशीचा घाट यांत फरक मोठा आहे, हे उघड आहे. कांदळवन वन विभागाच्या अखत्यारीत येते. घाटावर महापालिका, विकास प्राधिकरण, पर्यटन विभाग, पुरातत्त्व, नदीविषयक यंत्रणा अशी अनेकांची सत्ता चालते. पूररेषेपासून २०० मीटरच्या आत बांधकामाला न्यायालयीन आदेशाने बंदी आहे आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. ही बंदी नदीच्या रक्षणासाठी आहे. पण गळके छत आणि खचलेली पायरी यांची दुरुस्ती अनेकदा त्याच फायलीत अडकते. निधी मिळाला तरी परवानगी कोणाकडे मागायची, हे ठरवण्यातच एक पावसाळा निघून जाऊ शकतो.

लहान अनुदानांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप खर्चाचा आहे. पाच लाखांची शंभर अनुदाने तपासायला पाच कोटींच्या एका प्रकल्पापेक्षा कितीतरी जास्त माणसे लागतात. अधिकाऱ्याच्या दृष्टीने शंभर प्रमाणपत्रे म्हणजे चौकशीच्या शंभर शक्यता. म्हणून निविदा मोठी काढण्याकडे कल राहतो. याला उत्तर म्हणून काही देणगीदारांनी वाटपाची जबाबदारी शहरांच्या प्रशासनाकडेच दिली. ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजच्या युवा हवामान निधीने २०२४ मध्ये जगातील १०० शहरांना प्रत्येकी ५० हजार डॉलर देऊ केले आणि १५ ते २४ वयोगटाच्या गटांना त्यातून एक ते पाच हजार डॉलरची अनुदाने वाटायला सांगितले. पाच हजार डॉलर म्हणजे सव्वाचार-साडेचार लाख रुपये. दुर्गाघाटाचा गाळ आणि विहिरी याच आकाराच्या आहेत.

दुसरा आक्षेप कमी बोलला जातो. समुदाय म्हणजे नेमके कोण? दुर्गाघाटावर अर्ज लिहिता येणारी, ताळेबंद ठेवणारी, जुन्या न्यासांची परंपरा असलेली कुटुंबे आहेत. त्यांत मराठी घरेही आली. त्याच पायऱ्यांवर मल्लाह, फेरीवाले आणि सफाई कामगार आहेत. पुराचा आणि उन्हाचा पहिला तडाखा त्यांना बसतो आणि नोंदणीकृत संस्था बहुधा त्यांच्याकडे नसते. १ जून २०२४ रोजी लोकसभेच्या अखेरच्या टप्प्यात वाराणसीसह पूर्व उत्तर प्रदेशात मतदान झाले, तेव्हा उष्म्याने राज्यातील किमान ३३ मतदान कर्मचाऱ्यांचा बळी गेल्याचे निवडणूक यंत्रणेने सांगितले. कर्तव्यावरील कर्मचाऱ्यांची किमान नोंद झाली. घाटावर दिवसभर उन्हात वल्हे मारणाऱ्याची नोंद कोणत्या वहीत होते? अनुदान ज्याला फॉर्म भरता येतो त्याच्याच हाती गेले, तर लहान रक्कमही विषमतेचीच वाट धरेल. वाड्याची गच्ची पांढरी होईल आणि नावाड्याची झोपडी तशीच राहील.

या शेवटच्या प्रश्नावर एक वेगळी वाट ‘सेवा’ संघटनेने चोखाळली आहे. असंघटित क्षेत्रातील स्त्रियांसाठी तिने उष्म्याशी जोडलेला विमा आणला. २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातील सुमारे ५० हजार स्त्रिया त्यात होत्या. तापमानाने ठरलेली मर्यादा ओलांडली की रक्कम खात्यात जमा होते, नुकसानीचा पंचनामा लागत नाही. गंगेवर याच धर्तीचा विचार करायला तांत्रिक अडचण दिसत नाही. राजघाटची पातळी केंद्रीय जल आयोग रोज प्रसिद्ध करतो. पाणी ७०.२६२ मीटरवर गेले आणि नौकानयन थांबले की नोंदणीकृत नावाड्याला ठराविक रोजचा भत्ता. आकडा सरकारचा, वाद घालायला जागा नाही. नावांना महापालिकेचे परवाने आहेत, म्हणजे यादीही तयार आहे.

नमामि गंगेच्या दुसऱ्या टप्प्याची आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची. पुढील चौकटीत घाटपातळीचा लहान वाटा असावा की नसावा, हा निर्णय दिल्ली आणि लखनऊ येथे होणार आहे. त्यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही. ऑक्टोबर २०१६ च्या केंद्रीय आदेशाने गंगेकाठच्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा गंगा समिती स्थापन झाली आहे. तिच्या बैठका दरमहा व्हाव्यात आणि त्यांचे इतिवृत्त ठेवले जावे, असा केंद्राचा आग्रह आहे. या समितीच्या हाती दरसाल ठराविक रक्कम दिली, पाच लाखांपर्यंतच्या कामांसाठी दोन पानांचा हिंदी अर्ज ठेवला, बचत गट आणि नावाड्यांच्या सहकारी संस्थांना नोंदणीकृत न्यासांइतकाच हक्क दिला, आणि पैसा पूर उतरण्याआधी हाती पडेल अशी तारीख बांधली, तर बहुतेक अडथळे दूर होतात. परवानगीसाठीचे सर्व विभाग त्या एकाच टेबलाभोवती आणता येतील. रक्कम वर्षातून एकदा मिळणे पुरेसे आहे. मात्र ती दर वर्षी मिळायला हवी, कारण गाळ दर वर्षी येतो.